बोटं झडत नाहीत

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला फरशीवर ठसे दिसले. मोरीपासून देवघरापर्यंत, एका आड एक, पाच रुपयांच्या नाण्याएवढे, तांबूस. तिला वाटलं कुंकू सांडलं. ओल्या फडक्यानं पुसताना तिच्या लक्षात आलं की हे कुंकू नाही. आण्णा देवघरासमोर पाटावर बसून निवांत पूजा करत होते. तिनं त्यांचा उजवा पाय उचलून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीत, एक भोक होतं.

चपलेचा खिळा वर आला होता. चार दिवसांपूर्वीच आण्णांनी चौकात नवा पट्टा ठोकून घेतला होता. त्या चार दिवसांत ते बाजारात गेले, बँकेत गेले, एकादशीला भगवंताच्या देवळातल्या रांगेत दोन तास उभे राहिले, आणि प्रत्येक पावलाला तो खिळा आत जात होता. आण्णांना काहीच कळलं नाही. तीस वर्षं एस्टी चालवलेला माणूस, क्लचच्या नुसत्या कंपावरून गाडीत काय बिघडलंय ते सांगायचा. मधुमेहाला वीस वर्षं झालीत.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईचा फोन आला तेव्हा मी ऑन-कॉल होते, म्हणजे सर्व्हर रडला की रात्री-अपरात्री उठणं माझ्याकडे होतं. 'पायाला खिळा लागलाय, ड्रेसिंग केलंय' एवढंच आई म्हणाली. मीही 'बरं' म्हणून ठेवला. पुढचे सहा आठवडे आण्णा रोज सकाळी चालत दवाखान्यात जायचे, स्वच्छ ड्रेसिंग करून घ्यायचे आणि चालत घरी यायचे. जखम भरत नव्हती. मलम बदललं, गोळ्या बदलल्या. शेजारच्या काकू आजीला म्हणाल्या, "शुगरवाल्यांचं असंच असतं हो, मांस आतूनच मरतं. मग बोटं झडतात."

त्या 'झडतात'पाशी मी अडकले, आणि हा लेख त्यातूनच निघालाय.

झडणं हे क्रियापद आपण पानांसाठी वापरतो, केसांसाठी वापरतो. झडतं ते आतून वाळलेलं असतं, बाहेरून कुणी काही केलेलं नसतं. महारोग्याची बोटं झडतात हे आपल्याकडे इतक्या पिढ्या म्हटलं गेलंय की त्या शब्दातच एक निदान दडलंय, हे आपल्या ध्यानातही येत नाही. रोग आत आहे, मांस आतून सडतंय, कुणाचा इलाज नाही. मी वाचायला लागले तेव्हा कळलं की नेमकं हेच निदान एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातले बडे डॉक्टरही करत होते. फरक एवढाच की त्यांच्याकडे त्याला भारदस्त ग्रीक शब्द होता: ट्रॉफिक अल्सर. 'ट्रॉफी' म्हणजे पोषण. कल्पना अशी, की नसा फक्त संवेदना वाहून नेत नाहीत तर त्या मांसाला पोसतातही. नस मेली की पोषण थांबतं आणि मांस आपोआप फुटतं. १८६०च्या सुमारास जर्मनीत सिमोन सामुएल यांनी खास पोषण करणाऱ्या 'ट्रॉफिक' नसांचा सिद्धांत मांडला. पुढे पॅरिसच्या झां-मार्तां शार्को यांनी तो उचलला. शार्को म्हणजे त्या काळातला मेंदू आणि मज्जासंस्थेचा सर्वांत मोठा माणूस. त्यांनी म्हटलं की लोक माना डोलवायचे.

गंमत म्हणजे याच्या विरुद्ध पुरावा आधीच छापून झाला होता. ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञानं १८५३च्या सुमारास प्राण्यांचा मज्जारज्जू कापून पाहिला. मागचे पाय लुळे, संवेदना शून्य. त्या पायांवर जखमा झाल्या खऱ्या, पण ज्या प्राण्यांना त्यानं स्वच्छ ठेवलं आणि एकाच जागी दाबून पडू दिलं नाही, त्यांना झाल्या नाहीत. झालेल्या जखमाही दाब काढल्यावर भरल्या. म्हणजे नस नसली तरी मांस भरून येतं, त्याला फक्त दाबायचं नाही. इतकं सरळ. तरीही पुढची शंभर वर्षं पुस्तकांत ट्रॉफिक अल्सरच राहिला.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एखाद्या बगला कुणी पहिल्या दिवशी 'नेटवर्क इश्यू' असं नाव दिलं की सगळे नेटवर्क तपासत बसतात. आपल्या कोडमध्ये डोकावायचं कुणाला सुचत नाही. पण आमचा बग फार तर वेबसाइट पाडतो.

तळव्यातल्या या आरपार जाणाऱ्या जखमेला फ्रेंच डॉक्टर 'भोक पाडणारा आजार' अशा अर्थाचं नाव देत. १८८४मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी 'लॅन्सेट'मध्ये तिच्या उपचारांवर लिहिलं. (हेच ते ट्रीव्ह्ज, ज्यांना त्याच वर्षी जोसेफ मेरिक म्हणजे 'एलिफंट मॅन' भेटला.) त्यांनी सांगितलेलं आज वाचलं तर चकित व्हायला होतं. जखमेच्या कडेचा जाड घट्टा तासून काढा, पाय टेकवू देऊ नका, आणि भरल्यावर नीट पादत्राण द्या. तीनच गोष्टी, आणि आजही त्याच तीन. तीनच वर्षांनी, १८८७मध्ये, डेव्हिस प्राइस यांनी दोन्ही तळव्यांना भोकं पडलेल्या एका मधुमेही रुग्णाची हकिकत 'लॅन्सेट'मध्येच छापली आणि मधुमेहात नसा मरतात याच्याशी तिचा संबंध जोडला. पण तेव्हा मधुमेही फार जगतच नसत. १९२१-२२मध्ये इन्सुलिन आलं, माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगू लागली, आणि मग त्यांच्या पायांचा प्रश्न उभा राहिला. तोवर ट्रीव्ह्जना लोक विसरले होते. जखम रक्ताभिसरणाची, साखरेची, नशिबाची झाली होती. पाय कापणं हा उपचार झाला होता.

उत्तर मधुमेहाच्या दवाखान्यातून आलं नाही. ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतून आलं, आणि बरंचसं भारतातून आलं.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३मध्ये नॉर्वेत हॅन्सेननं शोधला. तो जंतू नसांवर हल्ला करतो, हात-पाय बधिर होतात. त्या बधिर पायांच्या जखमा हा प्रत्येक कुष्ठधामाचा रोजचा धंदा होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा खुद्द गांधीजी करायचे. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. या सगळ्या ठिकाणांबद्दल आपण शाळेत शिकलो ते करुणेबद्दल, सेवेबद्दल. जखम होते कशी, याबद्दल कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. म्हणजे धडा सेवा करणाऱ्याचा होता, जखम झालेल्याचा नव्हता.

१९३०च्या दशकात सिलोनमध्ये मिलरॉय पॉल यांनी आणि भारतात जोसेफ खान यांनी एक उलटं वाटणारं काम केलं. तळव्याला वाहती जखम असलेल्या रुग्णाच्या पायाला त्यांनी गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. उघडी जखम, पू, वास, आणि ती आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये बंद! पण जखमा भरत होत्या, आणि रुग्ण त्यातच चालतही होता. खान यांनी १९३९मध्ये 'लेप्रसी इन इंडिया' या नियतकालिकात ते लिहिलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातही जखमेचं नाव मात्र 'ट्रॉफिक'च होतं. हात बरोबर काम करत होते, शब्द जुनाच होता.

तो शब्द मोडण्यात मोठा वाटा पॉल ब्रँड यांचा. जन्म १९१४, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आई-बापांच्या पोटी. लंडनला महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात शल्यचिकित्सा शिकून १९४६मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. नंतर चिंगलपटच्या कुष्ठालयात त्यांनी एका रुग्णाच्या आखडलेल्या पंजात आपला हात दिला आणि 'जोरात दाब' म्हटलं. त्यानं इतक्या जोरात दाबला की ब्रँड कळवळले. सडलेल्या हातात एवढी ताकद? म्हणजे स्नायू जिवंत आहेत. तिथून त्यांनी निकामी स्नायूंच्या जागी चांगल्या स्नायूंचे कंडरे वळवून बसवायच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मुठी उघडायला लागल्या. ती गोष्ट मोठी आहे, ती इथे सांगत नाही.

माझ्या कामाची गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची. हात दुरुस्त झालेली मुलं ब्रँड यांच्या आवारातल्या छोट्या केंद्रात राहून सुतारकाम वगैरे शिकत होती, आणि त्यांच्या हातांना पुन्हा जखमा व्हायला लागल्या. आजाराचा जंतू औषधानं आटोक्यात आलेला. मग हे काय? एकदा एका कोठाराचं गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना. जवळचा एक किरकोळ अंगाचा मुलगा पुढे आला, किल्ली धरली आणि एका झटक्यात फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेलं. आपण किल्ली किती जोरात पिळायची हे ताकद ठरवत नाही, दुखणं ठरवतं. त्या मुलाला ती मर्यादाच नव्हती.

मग त्यांनी ठरवलं की प्रत्येक जखमेचं कारण शोधायचं. 'आपोआप झाली' हे उत्तर चालणार नाही. गरम पेला, हातोडीच्या दांड्याची कूस, चुलीवरचं भांडं. मुलांनीही मनावर घेतलं, गुप्तहेरासारखी. बहुतेक जखमांची कारणं सापडली. एकच प्रकार सुटेना: रात्री झोपताना बोट धड असायचं आणि सकाळी पेर गायब. हे तर शंभर टक्के झडणंच झालं! शेवटी रात्रभर पहारा ठेवला. उंदीर आला, झोपलेल्या मुलाच्या हाताशी बसला आणि कुरतडायला लागला. मुलगा झोपलेलाच.

त्यानंतर केंद्रातून घरी जाणाऱ्या रुग्णाला एक मांजर सोबत दिली जायची.

मी ही गोष्ट एका शनिवारी रात्री वाचली आणि बराच वेळ गच्चीवर जाऊन उभी राहिले. किती शतकं, किती गावं, किती माणसं घराबाहेर काढलेली, आणि 'झडणं' या क्रियापदाच्या आत एक उंदीर बसलेला.

हातांचं कोडं सुटलं, तळव्यांचं जास्त चिवट होतं, कारण तिथे बहुतेकदा खिळा नसतो, उंदीर नसतो. माणूस नुसता चालतो आणि भोक पडतं. ब्रँड आणि नायजेरियात काम करणारे अर्नेस्ट प्राइस यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं की जखमा तळव्याच्या ठरावीक जागीच होतात: जिथे हाड खाली येतं, जिथे चालताना सर्वाधिक दाब पडतो. पुढे ब्रँड अमेरिकेत लुईझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी उंदरांच्याच तळव्यावर (नियतीला विनोदबुद्धी आहे) यंत्रानं मध्यम दाब द्यायचा प्रयोग केला. एका वेळी लागणारही नाही एवढाच दाब, पण दिवसाला हजारो वेळा. पहिल्या दिवशी थोडी सूज. आठवडा-दहा दिवसांत कातडी फुटली. तोच दाब थोडा कमी वेळा आणि मध्ये सुट्टीचे दिवस देऊन दिला, तर कातडी फुटायच्या ऐवजी जाड झाली.

हे मला फार पटलं. तुम्ही सिंहगड चढून आलात की दुसऱ्या दिवशी लंगडता. लंगडणं हा उपचार आहे. दुखऱ्या जागेवरचा भार शरीर गुपचूप दुसरीकडे सरकवतं. चालता चालताही आपण अजाणता पाऊल किंचित वेगळं टाकत असतो. बधिर पाय कधी लंगडत नाही. तो पहिल्या पावलाला जिथे टेकला तिथेच दहा हजाराव्या पावलालाही टेकतो. आण्णांची चाल किती सरळ, रुबाबदार राहिली म्हणून आम्ही कौतुक करायचो.

वेल्लोर-करिगिरीच्या लोकांनी या ज्ञानातून एक चप्पल बनवली. बारीक बारीक हवेचे कप्पे असलेल्या रबराची, एमसीआर म्हणतात तिला. मऊ पण बसत नाही. कुष्ठसेवेत वावरलेल्या कुणालाही ती चप्पल ओळखू येते, आणि तीच तिची अडचण झाली. ती घातली की गावाला आजार कळायचा. पाय वाचवणारी चप्पल लोक पिशवीत ठेवून अनवाणी चालायचे.

अनवाणीवरून आठवलं. आपल्याकडे जखमांचा सर्वांत जुना पद्धतशीर अभ्यास सुश्रुतसंहितेत आहे, आणि तो खरंच थक्क करणारा आहे. व्रण दोन प्रकारचे, शरीरातून उद्भवलेले आणि बाहेरून आलेले. व्रणाच्या जागा आठ: त्वचा, मांस, शिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ आणि मर्म. सहज बरे होणारे, कष्टानं बरे होणारे, आटोक्यात ठेवता येणारे आणि असाध्य. उपचारांचे साठ प्रकार. जखम किती खोल ते पाहायला एषणी नावाची सळई. (मराठीत आज 'व्रण' म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. संस्कृतात ती जखमच होती.) प्रमेहाच्या रोग्याला शरीराच्या खालच्या भागात पुळ्या उठतात हेसुद्धा सुश्रुतात आहे. आणि त्याच ग्रंथात, प्रमेहाच्या उपचारात, गरीब रोग्यासाठी एक सल्ला आहे: भिक्षा मागून खा, एका गावात एकच रात्र राहा, आणि छत्री-पादत्राणांशिवाय शंभर योजनं चाल. साखरेला हा सल्ला अगदी योग्य, पायाला घातक. श्रीमंतांना वेगळे व्यायाम होते. आयुर्वेदाला नावं ठेवायला हे सांगत नाही. एकाच पुस्तकात दोन बरोबर निरीक्षणं शेजारी शेजारी असूनही एकमेकांना भेटत नाहीत, याचं मला नवल वाटतं. आमच्या ऑफिसात दोन टीम्सचं असंच असतं.

वर्गीकरणाच्या बाबतीत आधुनिक वैद्यकही बराच काळ अडखळलं. १९७०-८०च्या दशकांत मेगिट आणि वॅग्नर यांनी मधुमेही पायाच्या जखमांची शिडी केली. शून्य म्हणजे कातडी शाबूत, एक म्हणजे वरवरची, दोन म्हणजे कंडरा किंवा हाडापर्यंत, तीन म्हणजे आत पू किंवा हाडाला संसर्ग, चार म्हणजे पायाचा पुढचा भाग काळा, पाच म्हणजे सगळा पाय. लक्षात ठेवायला सोपी, म्हणून जगभर चालली. पण कुठल्याही प्रोग्रॅमरला तिच्यातली चूक दिसेल: एका आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. खोली, संसर्ग आणि रक्तपुरवठा. वरवरची पण रक्तच न पोचणारी जखम या शिडीवर कुठे बसवायची? १९९६मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत लॅव्हरी, आर्मस्ट्राँग आणि हार्कलेस यांनी शिडीचा तक्ता केला. आडव्या बाजूला खोली, ० ते ३. उभ्या बाजूला ए म्हणजे स्वच्छ, बी म्हणजे संसर्ग, सी म्हणजे रक्त कमी, डी म्हणजे दोन्ही. मग ३६० रुग्णांवर तो तपासला. सळई हाडाला लागली तर पाय कापावा लागायची शक्यता अकरा पटींनी जास्त. संसर्ग आणि रक्ताची कमतरता दोन्ही असली तर जवळजवळ नव्वद पट. आणि 'ए' ओळीतल्या एकाही रुग्णाचा पाय गेला नाही.

ऑगस्टच्या शेवटी मी आण्णांना पुण्यात आणलं. इथल्या पायाच्या डॉक्टरांनी बोथट सळई त्या भोकात घातली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला 'टक्' असा आवाज ऐकू येईल अशी भीती वाटत होती. आला नाही. "हाडाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. घोट्याजवळ डॉप्लर लावला, रक्ताचा झपझप आवाज आला. टू-बी. मला तक्ता पाठ होता, त्यामुळे आनंद झाला आणि आईला माझा आनंद कळेना. संसर्गावर औषधं झाली, घट्टा तासला, मेलेलं मांस काढलं, आणि दोन आठवड्यांनी आण्णांना पट्ट्यांचा एक मोठा बूट मिळाला. चालायचं असेल तर हाच घालून.

इथे मला कार्व्हिलची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ब्रँड आणि त्यांच्या इंजिनिअर सहकाऱ्यांनी कृत्रिम दुखणं बनवायचा प्रकल्प काढला होता. हातमोज्यात आणि मोज्यात दाब मोजणारे सेन्सर. दाब वाढला की कानात शिटी. कल्पना एकदम चोख. पण रुग्ण शिटी ऐकायचे आणि काम चालूच ठेवायचे. मग शिटीऐवजी काखेत विजेचा झटका. तो दुखायचा! पण एखादा स्क्रू घट्ट पिळायचा असला की माणूस आधी यंत्र बंद करायचा, स्क्रू पिळायचा आणि मग चालू करायचा. काही वर्षांनी प्रकल्प गुंडाळला. सेन्सर महाग आणि नाजूक होते हेही खरं, पण मुख्य अडचण ती नव्हती. खऱ्या दुखण्याला स्विच नसतो हीच त्याची खुबी. माझ्या फोनवर चौदा अलर्ट म्यूट केलेले आहेत. त्यातल्या दोनांनी पुढे मला रात्रभर जागवलंय.

बुटाला स्विच होता. पट्ट्या काढल्या की झालं. नवरात्रात आण्णा 'देवीला काय बूट घालून जायचं?' म्हणून तो उंबऱ्यात काढून ठेवायचे. मग मोरीत जाताना काढायचे. मग 'इथल्या इथे तर चालतोय'. मी चिडले, आजी चिडली. नंतर वाचलं की आर्मस्ट्राँग यांच्या गटानं २००३मध्ये अशाच रुग्णांच्या कमरेला आणि बुटाला, दोन्हीकडे गुपचूप पावलं मोजायची यंत्रं लावून पाहिलं होतं. दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून पडत होती. ते अमेरिकन होते, त्यांना देवीही नव्हती. ज्याला दुखत नाही त्याला जखम आहे हे फक्त माहीत असतं. माहीत असणं आणि दुखणं यांत किती अंतर असतं ते मी सिगरेट सोडायचा प्रयत्न करणाऱ्या माझ्या अर्ध्या टीमवरून सांगू शकते.

ऑक्टोबरच्या मध्याला डॉक्टरांनी तेच केलं जे खान यांनी १९३९मध्ये लिहिलं होतं: काढता न येणारं प्लास्टर. ते तळव्याला सगळीकडून इतकं नेमकं चिकटतं की भार एका बिंदूवर न पडता पूर्ण पायावर आणि पोटरीवर वाटला जातो. १९८९मध्ये छापलेल्या एका चाचणीत प्लास्टरवाल्या २१ जणांपैकी १९ जणांच्या जखमा सरासरी ४२ दिवसांत भरल्या, नेहमीच्या ड्रेसिंगवाल्या १९ पैकी फक्त ६ जणांच्या. आमच्या सहा आठवड्यांच्या ड्रेसिंगचा हिशोब मी मनात मांडायचा नाही असं ठरवलं होतं. तरी मांडला. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडेच.

आण्णा प्लास्टरवर वैतागले. आत काय होतंय दिसत नाही, खाजवता येत नाही, अंघोळीला पिशवी बांधा. पण काढता येत नव्हतं. दर आठवड्याला डॉक्टर कापून उघडायचे, वास यायचा, आजी पदर नाकाला लावायची, आणि डॉक्टर पारदर्शक प्लास्टिक ठेवून स्केचपेननं जखमेची कड गिरवायचे. ते सगळे कागद माझ्याकडे आहेत. एकावर एक ठेवले की उजेडात बेटं आक्रसत गेल्यासारखी दिसतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गिरवायला काही उरलं नाही.

डॉक्टरांनी फाइलवर शून्य लिहिलं. त्या तक्त्यात भरलेली जखम 'नाही'च्या रकान्यात जात नाही, ती शून्य दर्जाची जखम म्हणून राहते. अशा भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात.

आता महिन्यातून एकदा मी बार्शीला जाते तेव्हा आण्णांचे तळवे तपासते. त्यासाठी नायलॉनचा एक धागा मिळतो, दांडीला बसवलेला. टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमच्या भाराला वाकतो. १९६०च्या सुमारास सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी असे धागे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी वापरले होते. १९८६मध्ये कार्व्हिलच्याच लोकांनी कुष्ठरोगी आणि मधुमेही, दोघांच्याही पायांवर ते लावून ठरवलं की दहा ग्रॅम कळत नसतील तर पायाचं रक्षण करणारी जाणीव गेली. आण्णा अंगणातल्या खाटेवर पाय लांब करतात, डोळे मिटतात. लागलं की 'हो' म्हणायचं. उजव्या पायाला दहापैकी दोन जागा कळतात, डाव्याला चार. टाचेला कळत नाही, पण टाचेला कुणालाच नीट कळत नाही म्हणून आण्णा वाद घालतात.

परवा धागा पुसायला मी मध्येच थांबले. आण्णांचे डोळे मिटलेलेच होते. ते म्हणाले, "हो."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हो." मग एक डोळा किंचित उघडून, "बरोबर आलं का गं?"

"आण्णा, मी अजून धागा टेकवलाच नाही."

"मग लवकर टेकव," ते म्हणाले, "ऊन पायावर यायला लागलंय. तुझी आजी सांगत होती, फरशी तापली की कळत नाही मला." खाट सावलीत ओढून मी परत पहिल्या जागेपासून सुरुवात केली.